नॅरोबोटीवर संसार मांडताना: नवख्यांसाठी पायरीपायरीनं

लंडनचं भाडं परवडत नाही, म्हणून बोट घेऊन कालव्यावर राहावं का, असं विचारणारे मराठी फोन मला वर्षाला चार-पाच तरी येतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. फेब्रुवारीत एक आठवडा बोट भाड्यानं घ्या. जूनमध्ये घेऊ नका, जूनमध्ये कालव्याच्या प्रेमात कोणीही पडतं. फेब्रुवारीत पहाटे शेगडी विझलेली असते, खिडक्यांवरून पाणी ओघळत असतं, संडासाची टाकी काठोकाठ भरलेली असते आणि ती रिकामी करायची जागा दोन मैलांवर असते. तो आठवडा काढूनही हौस टिकली, तर पुढचं वाचा.

आम्ही दोघं नवरा-बायको आठ वर्षं इंग्लंडच्या कालव्यांवर राहतोय. खाली लिहिलेलं बरंचसं चुका करून शिकलेलं आहे.

आधी बोट, मग पडदे

नॅरोबोट म्हणजे जेमतेम 6 फूट 10 इंच रुंदीची पोलादी बोट. हा आकार आला तो अठराव्या शतकात बांधलेल्या, सुमारे 7 फूट रुंदीच्या लॉक्समुळे (बोट वर-खाली नेणारे दरवाज्यांचे हौद, त्यांच्याविषयी पुढे). रुंदी ठरलेली, त्यामुळे निवड करायची ती लांबीची. 70 फुटांत ऐसपैस राहता येतं, पण उत्तरेकडच्या काही कालव्यांची लॉक्स आखूड आहेत, तिथे ही बोट मावत नाही. 57 फुटी बोट जवळपास सगळीकडे जाते. आमची 57 फुटी आहे. दोघांना पुरते. पाहुणे आले की एकानं बाहेर उभं राहायचं.

बोट बघायला गेलात की स्वयंपाकघराच्या टाइल्सवर भाळू नका. पत्रा बघा. जाहिरातीत 10-6-4 असं लिहिलेलं असतं, म्हणजे तळ 10 मिलिमीटर, बाजू 6 आणि छत 4. हे झालं बांधलं तेव्हाचं. आज किती उरलाय ते बोट पाण्याबाहेर काढून, अल्ट्रासाउंडनं जाडी मोजूनच कळतं. सर्व्हेअर आपण शोधायचा, विकणाऱ्यानं सुचवलेला नको. आम्ही घेत होतो त्या पहिल्या बोटीला नुकतंच काळंकुळकुळीत डांबर फासलं होतं आणि मालक छातीठोकपणे सांगत होता, ‘सगळं गेल्या वर्षीच केलंय’. सर्व्हेअरनं मागच्या बाजूला पाण्याच्या रेषेवर हातोडीनं टकटक केलं, डांबर खरवडलं, आणि 6 मिलिमीटरच्या पत्र्यात मसुरीच्या दाण्याएवढे खड्डेच खड्डे निघाले. काही ठिकाणी जेमतेम साडेतीन उरला होता. 4 च्या खाली गेलं की विमावाले सहसा कुरकुर करतात आणि मग वरून नवा पत्रा जोडायचा खर्च. सर्व्हेची फी गेली, बोट सोडली, वाचलो.

कागदपत्रं

इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे 2,000 मैलांचे जलमार्ग कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळते. 2012 मध्ये सरकारी ब्रिटिश वॉटरवेजकडून ही जबाबदारी या धर्मादाय संस्थेकडे आली. लायसन्स मिळायला तीन गोष्टी लागतात: विमा, दर 4 वर्षांनी काढायचं बोट सेफ्टीचं प्रमाणपत्र, आणि बोट कायम ठेवायची जागा. अशी जागा नसेल, तर सतत फिरत राहण्याची तयारी लागते. फिरत्यांना 1995 च्या कायद्यानुसार एका ठिकाणी 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. दोन पुलांच्या मध्ये पुढे-मागे करत बसलं तर चालत नाही. वर्षभरातला पल्ला 20 मैलांपेक्षा कमी असेल तर ट्रस्टकडून विचारणा होतेच. एप्रिल 2024 पासून फिरत्या बोटींना लायसन्सवर अधिभारही आहे. तो 5 टक्क्यांपासून सुरू झाला आणि 2028 पर्यंत टप्प्याटप्प्यानं 25 टक्क्यांवर जाणार आहे.

मुलं शाळेत असतील किंवा रोज एकाच ऑफिसात जायचं असेल, तर हे 14 दिवसांचं गणित आधी नकाशावर मांडून बघा. मरिनामध्ये, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या तळावर, जागा घ्यायची असेल तर ती राहण्यासाठी आहे की नुसती बोट बांधून ठेवण्यासाठी, हे लेखी विचारा. दुसऱ्या प्रकारच्या जागेवर कायमचं राहता येत नाही. राहण्याच्या जागा मोजक्या आहेत, त्यामुळे महागही.

चालवायला शिकणं

चालवणं सोपं आहे, फक्त सगळं उलटं आहे. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. बोट मधोमध फिरते, त्यामुळे नाक उजवीकडे गेलं की शेपूट डावीकडे जाऊन कशावर तरी आपटतं. ब्रेक नाही. रिव्हर्समध्ये सुकाणू जवळपास कामच करत नाही. कमाल वेग ताशी 4 मैल, म्हणजे काठावरून चालणारी आजी तुमच्या पुढे निघून जाईल. समोरून बोट आली की आपण उजवीकडे राहायचं. भारतात गाडी चालवलेल्यांचा हात इथे हमखास चुकतो. बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद करा. नाहीतर त्यांच्या मेखा उपटतात, आणि आतल्या माणसाचा चहा सांडला की तो खिडकीतून डोकं काढून जे बोलतो ते इथे लिहिता येणार नाही.

लांब बोट वळवायची ती ठरावीक रुंद जागीच. त्या जागेला ‘विंडिंग होल’ म्हणतात. ‘विंड’चा उच्चार वाऱ्याच्या ‘विंड’सारखा. ‘वाइंडिंग’ म्हणालात की तुम्ही नवे आहात हे लगेच कळतं.

लॉक: इथे घाई नको

लॉक म्हणजे पाण्याचा जिना. दोन दरवाज्यांमधल्या हौदात बोट घ्यायची, झडपा उघडून पाणी भरायचं किंवा सोडायचं आणि वर किंवा खाली जायचं. लंडन ते बर्मिंगहॅम या ग्रँड युनियन कालव्यावर 137 मैलांत 166 लॉक्स आहेत. वॉरिकजवळच्या हॅटनला तर ओळीनं 21 आहेत. हॅटन चढलात की दुसऱ्या दिवशी दंड भरून येतात आणि कणीक मळायचं काम कोणी अंगावर घेत नाही.

झडपा उघडायला विंडलस नावाची लोखंडी किल्ली लागते. दोन ठेवा, एक नक्की पाण्यात पडते. आता क्रम.

वर चढताना आधी हौद रिकामा हवा. बोट आत घ्या, खालचे दरवाजे बंद करा, मग वरच्या झडपा उघडा. आधी जमिनीतल्या झडपा, त्याही अर्ध्या. दरवाज्यातल्या झडपा आधीच पूर्ण उघडल्या तर पाण्याचा लोट थेट बोटीच्या पुढच्या उघड्या भागात शिरतो. पाणी दोन्हीकडे सारखं होईपर्यंत दरवाजा ढकलून उपयोग नाही, हलतच नाही. सारखं झालं की पाठीच्या नुसत्या रेट्यानं उघडतो.

उतरताना खरा धोका आहे तो ‘सिल’चा. वरच्या दरवाज्याच्या खाली हौदात पुढे आलेला एक दगडी किंवा काँक्रीटचा कट्टा असतो. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. पाणी उतरू लागलं आणि बोटीचा मागचा भाग त्यावर राहिला, तर शेपूट वर अडकतं, नाक खाली जातं आणि मिनिटभरात बोट बुडते. काठावर पांढरी रेघ आखलेली असते. संपूर्ण बोट त्या रेघेच्या पुढे ठेवा आणि पाणी उतरेस्तोवर टिलर सोडू नका. दोराची गाठ मारून बोट कधीही घट्ट बांधू नका, पाणी उतरल्यावर ती दोराला लटकेल. आणि काही गडबड वाटली की पहिलं काम: झडपा बंद. आरडाओरडा नंतर.

विंडलस दांड्यावर तशीच सोडून हात काढू नका. अडवणारी खिट्टी निसटली की ती गरगर फिरते आणि उडून तोंडावर बसते. निघताना झडपा आणि दरवाजे बंद करा. अरुंद लॉकच्या एका फेरीत साधारण 25,000 गॅलन पाणी खाली जातं, आणि वरच्या कालव्यात पाणी कमी झालं की सगळेच गाळात रुततात.

पाण्यात पडलात तर उभे राहा. चेष्टा नाही, कालवा बहुतेक ठिकाणी कंबरेएवढाच असतो. मात्र टिलरवर जो असेल त्यानं आधी गिअर न्यूट्रल करायचा, बोट ढकलणारा पाण्याखालचा पंखा फिरता नको. बाहेर आल्यावर साबणानं अंघोळ करा. पावसाळ्यात मुंबईत ज्याला आपण लेप्टो म्हणतो तो उंदरांच्या मुतातून पसरणारा आजार इथेही आहे. ताप आला तर कालव्यात पडलो होतो हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

पाणी आणि संडास

पिण्याच्या पाण्याची टाकी बहुधा पुढे असते. आमची 500 लिटरची. जपून वापरली तर दोघांना आठवडा निघतो. जपून म्हणजे अंग ओलं करायचं, शॉवर बंद, साबण, मग पुन्हा चालू. नळांच्या जागा ठरलेल्या असतात, तिथे ट्रस्टची किल्ली चालते. स्वतःचा पिण्याच्या पाण्यासाठीचा पाइप ठेवा. काही नळ इतके मंद असतात की टाकी भरेस्तोवर कुकरही होतो आणि कपडेही वाळत टाकून होतात. टाकी भरलेलीच बरी. उद्या भरू म्हटलं की रात्री पाणी गोठतं.

सिंकचं आणि अंघोळीचं पाणी थेट कालव्यात जातं. त्यामुळे तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, बरणीत भरून कचऱ्यात टाका. साबणही सौम्य वापरा. आम्ही गणपती बसवतो तो छोटा शाडूचा, विसर्जन बादलीत.

संडासाचे प्रकार तीन. मोठ्या टाकीचा, जो पैसे देऊन पंपानं रिकामा करून घ्यायचा. कॅसेटचा, म्हणजे सुमारे 20 लिटरचा डबा, जो आपण स्वतः नेऊन ‘एल्सन’ या मैला ओतायच्या ठरावीक जागी रिकामा करायचा. आणि मल-मूत्र वेगळं करणारा कोरडा. माझं मत कॅसेटच्या बाजूनं. गोठलेल्या कालव्यात बोट अडकली तरी डबा हातगाडीवरून नेता येतो. मोठी टाकी नेता येत नाही. मात्र जास्तीचा एक डबा घेऊन ठेवा. कोरड्या संडासातला ऐवज पिशवीत बांधून ट्रस्टच्या कचरापेटीत टाकायला आता परवानगी नाही, हे तो विकणारे सांगायला विसरतात.

वीज: रोजचा हिशेब

इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी, घरातली वेगळी. हे दोन संच कधी एकमेकांत मिसळू देऊ नका. दिवे लावून झोपलात तरी सकाळी इंजिन सुरू झालं पाहिजे.

साध्या लेड-ॲसिड बॅटऱ्या निम्म्याखाली उतरवायच्या नसतात. कशावरही भार नसताना, थोडा वेळ थांबून मोजलं तर 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. पहिल्या हिवाळ्यात आम्ही रोज 11.8 पर्यंत ओढत होतो आणि मार्चमध्ये चारही बॅटऱ्या भंगारात गेल्या. आता लिथियम आहेत. त्या खोलवर उतरवल्या तरी चालतात, पण शून्य अंशाखाली चार्ज करायच्या नाहीत, म्हणून थंड इंजिनखोलीतून उचलून आत पलंगाखाली घेतल्या.

छतावरचं सौर पॅनल एप्रिल ते सप्टेंबर पोसतं. डिसेंबरमध्ये जेमतेम आठ तासांचा उजेड आणि तोही करडा, तेव्हा लॅपटॉप चार्ज झाला तरी पुष्कळ. मग इंजिन चालवून बॅटरी भरायची, पण रात्री 8 ते सकाळी 8 नाही, शेजाऱ्यांची झोप असते. मिक्सर, इस्त्री, केटल ही सगळी उष्णता किंवा मोटर असलेली उपकरणं बॅटरी पितात. चटणी वाटायची ती इंजिन चालू असताना. आमच्याकडे आता खलबत्ताच बाहेर असतो.

शेगडी

हिवाळ्यातलं सगळं जगणं कोळशाच्या शेगडीभोवती फिरतं. धूर न करणाऱ्या कोळशाच्या विटा मिळतात. काठाकाठानं येणाऱ्या इंधनबोटीही कोळसा, डिझेल आणि गॅस दारात आणून देतात. त्यांचा नंबर फोनमध्ये ठेवा आणि थोडं महाग पडलं तरी त्यांच्याकडून घ्या. बर्फात तेच उपयोगी पडतात.

रात्रभर शेगडी जिवंत ठेवणं ही कला आहे. झोपायच्या तासभर आधी राख हलकेच झाडा, पूर्ण नाही, खाली थोडा थर हवा. कोळसा भरा, खालची हवा उघडी ठेवून तो नीट पेटू द्या, निळ्या ज्वाळा दिसल्या की हवा जवळपास बंद करा. पेटायच्या आत हवा बंद केलीत की विझते. उघडी ठेवलीत की तीनला उकडून जाग येते आणि सहाला थंडीनं. लाकूड पटकन ऊब देतं पण रात्र काढत नाही, आणि ओलं असेल तर धुराड्यात डांबरासारखा थर धरतं.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म एप्रिल 2019 पासून बोट सेफ्टीच्या नियमांत सक्तीचा आहे. एक झोपायच्या जागी, एक शेगडीच्या खोलीत. राखेची बादली लोखंडी, झाकणाची, आणि बाहेर. गरम राख आत ठेवली तरी तिच्यातून हा वायू येतच राहतो. थंडी लागते म्हणून हवेच्या जाळ्या कापडानं बुजवणारे नवे लोक मी पाहिलेत. त्यांना मी रागावतो. आणि पूल ठेंगणा असेल तर त्याआधी धुराडं काढून ठेवा.

या शेगडीचा एक फायदा मात्र फक्त आपल्या लोकांना कळतो. बाहेर बर्फ असताना शेगडीपासून हातभर अंतरावर, टॉवेलात गुंडाळलेलं दही सकाळी सुरीनं कापावं असं लागतं.

स्वयंपाकाचा गॅस प्रोपेनचाच घ्या. ब्यूटेन गोठणबिंदूच्या आसपास वायुरूप होत नाही, नेमका पोळ्यांच्या वेळी रुसतो. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खाली भोकं असतात. ती बुजली नाहीत ना, हे बघत राहा.

रोजची पाच मिनिटं

निघायच्या आधी इंजिनाचं तेल, कूलंट, पट्टा. डिझेलची टाकी हिवाळ्यात भरलेली ठेवा. रिकाम्या जागेत दव धरतं, पाणी होतं आणि त्या पाण्यात जंतू वाढून फिल्टर चोंदतो.

प्रवास संपला की स्टर्न ग्लँड. पंख्याचा दांडा बोटीतून पाण्यात जिथे जातो तिथे ग्रीस लावलेली दोरी ठासून भरलेली असते. तिथे एक पितळी टोपी असते. इंजिन बंद केल्यावर ती हाताला जड लागेपर्यंत फिरवायची, म्हणजे आत ग्रीस जातं. चालताना अधूनमधून एखादा थेंब पडला तर ठीक. थांबल्यावरही टपटप चालू असेल तर दोन्ही बाजूंचे नट थोडे-थोडे, सारखे आवळा. एकच बाजू आवळलीत तर दांडा तापतो. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या जागेत, हात घालून पाणी किती आहे ते बघायची सवय लावा. पंप आपोआप चालतो म्हणून निर्धास्त राहिलेल्यांच्या बोटी बुडालेल्या मी पाहिल्यात.

मग पंखा. वेग घेतला तरी बोट पुढे सरकेना, धूर काळा येऊ लागला, म्हणजे पंख्यात काही तरी गुंतलं. लंडनमधल्या भारतीय वस्तीच्या साउथॉलजवळ ग्रँड युनियनवर नारळ तरंगताना बघून आम्हाला गहिवरून आलं होतं. पुढच्या पुलाखाली इंजिन गचके खात थांबलं. इंजिन बंद, किल्ली खिशात (हे नेहमीच, दुसरं कोणी चुकून सुरू केलं तर हात जाईल), मागच्या फळीखालचं वीड हॅच उघडलं आणि बर्फासारख्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. हाताला जरतार लागली. साडेपाच-सहा वारी लाल साडी, काठासकट, पंख्याभोवती दोरखंडासारखी पिळलेली. ब्रेडच्या सुरीनं कापून काढायला दीड तास लागला. बायको काठावरून सांगत होती, ‘पदर जपून काढ’.

हे काम झालं की हॅचचं झाकण जागच्या जागी बसवून घट्ट आवळा, मग इंजिन गिअरमध्ये टाकून कडेनं पाणी येत नाही ना ते बघा. झाकण सैल राहिलं तर पंखाच इंजिनखोलीत पाणी भरतो.

दर दोन-तीन वर्षांनी

बोट पाण्याबाहेर काढून, जोरदार पाण्याच्या झोतानं शेवाळ-गंज धुऊन, डांबराचे दोन-तीन हात द्यायचे. याला ब्लॅकिंग म्हणतात. डांबराऐवजी एपॉक्सीचा लेप महाग, पण जास्त वर्षं टिकतं. स्वतः केलं तर पैसे वाचतात, तीन-चार दिवस आणि एक जोडी कपडे जातात. बाजूला जोडलेले मॅग्नेशियमचे ठोकळे आपल्या पत्र्याऐवजी स्वतः झिजतात, तेच त्यांचं काम. त्यांच्यावर डांबर फासू नका. मी पहिल्या वेळी छान चकचकीत रंगवले होते.

मरिनाच्या विजेला बोट जोडणार असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवून घ्या. नाहीतर शेजारच्या बोटींशी तारेतून विद्युत जोड होऊन तुमचे ठोकळे आणि मग पत्रा झपाट्यानं झिजतात.

हिवाळा लागायच्या आत

नोव्हेंबर ते मार्च ट्रस्ट दुरुस्तीसाठी ठिकठिकाणची लॉक्स बंद ठेवते. यादी आधी जाहीर होते. ती बघून नळ, एल्सन आणि रेल्वे स्टेशन यांच्या जवळ राहाल असा मुक्काम ठरवा. काही दिवस बोट सोडून भारतात जाणार असाल तर पाण्याचा पंप बंद करा, सगळे नळ आणि शॉवर उघडून पाइप रिकामे करा, गीझरचंही पाणी काढा. नळ उघडेच ठेवून जा. आम्ही एका डिसेंबरात पुण्याला लग्नाला गेलो आणि शॉवरची तोटी तेवढी विसरलो. परत आलो तेव्हा ती पितळी तोटी उभी चिरलेली होती, पंप सुरू करताच कारंजं उडालं, आणि बॅगेतल्या लाडवांचा डबा बरोबर त्याच्या खाली होता.